भावाच्या कागदावरचा ‘अननॅचरल’ हा शब्द

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक पुण्यात नोकरी करतात, घर, शेती आणि आई मराठवाड्यातील एका खेड्यात आहे. यंदाच्या पावसाळ्यात त्यांचे ३८ वर्षांचे थोरले भाऊ रात्री शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते. पहाटे त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली आणि ग्रामीण रुग्णालयात नेईपर्यंत श्वास थांबला. नंतर अंथरूण झटकताना गोधडीच्या घडीत मण्यार सापडली. अंगावर दंशाची स्पष्ट खूण मिळाली नाही, म्हणून शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला आहे. रुग्णालयाच्या इंग्रजी कागदावर ‘अननॅचरल डेथ’ असे लिहिले आहे. आईने अर्थ विचारला तेव्हा पत्रलेखकांनी ‘अनैसर्गिक मृत्यू’ असे सांगितले, आणि तेव्हापासून ‘माझ्या लेकानं असं काय वंगाळ केलं होतं?’ हा एकच प्रश्न आई विचारते आहे. भावकीत वहिनींविषयी कुजबुज सुरू झाली आहे. एक नातेवाईक ‘थोडा खर्च केला तर तो शब्द नॅचरल करून आणतो’ म्हणतात. वहिनींना शेतकरी अपघात योजनेचा अर्ज करायचा आहे, पण हा कागद कोणत्याही कचेरीत जाऊ नये असा आईचा हट्ट आहे. मुलीच्या शाळेनेही एका अर्जात वडिलांच्या मृत्यूचे कारण विचारले आहे. शब्द बदलून घ्यावा का आणि आईची समजूत कशी घालावी, असे पत्रलेखक विचारतात.

सप्रेम नमस्कार,

कर्ता भाऊ असा एका रात्रीत गेल्यावर घराने मोकळेपणाने रडायचे असते. तुमच्या घराला तेवढीही सवड मिळाली नाही, कारण दुःखाच्या जोडीला एक शब्द येऊन बसला आणि सगळे त्याच्याशी झगडत राहिले. म्हणून आधी नेमके उत्तर देतो. तो शब्द बदलून घेऊ नका. तो तुमच्या भावाविषयी, वहिनींविषयी किंवा घराण्याविषयी काहीही वाईट सांगत नाही. आणि तो खोडला गेला तर ज्यांना त्याची झळ बसेल त्या तुमच्या वहिनी आणि त्यांची मुले असतील.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की ‘नॅचरल’ म्हणजे चांगले, रीतसर, देवाच्या इच्छेने आलेले मरण आणि ‘अननॅचरल’ म्हणजे त्याच्या उलट, ज्याबद्दल मान खाली घालावी असे मरण. बोलण्यातल्या इंग्रजीत या शब्दांना अशा छटा आहेतही. पण मृत्यूच्या कागदांवर त्यांचा अर्थ अगदी मर्यादित आहे. शरीराच्या आतल्या आजाराने किंवा वार्धक्याने आलेला मृत्यू तो ‘नॅचरल’, आणि बाहेरून आलेल्या कारणाने, म्हणजे अपघात, विष, बुडणे, भाजणे, विजेचा धक्का, प्राण्याचा हल्ला, आत्महत्या किंवा खून यांपैकी कशानेही आलेला मृत्यू तो ‘अननॅचरल’. ही विभागणी फक्त कारण आतले की बाहेरचे एवढेच पाहते. मरणारा माणूस कसा होता, त्याच्या हातून काय घडले, घरात कोण कोणाशी कसे वागत होते, यांतले काहीही ती पाहत नाही.

डास चावून डेंगी झाला आणि त्यात एखादा २० वर्षांचा मुलगा दगावला, तर तो मृत्यू वैद्यकाच्या भाषेत नैसर्गिक ठरतो, कारण डेंगी हा आजार आहे. मण्यार चावून तुमचे भाऊ गेले, तो मात्र अनैसर्गिक, कारण विष बाहेरून आले. दोन्हीकडे चावणारा जीव निसर्गातलाच आहे. वीज पडून शेतात कोणी गेले तर त्या मृत्यूची नोंद याच वर्गात होते, आणि त्याच कुटुंबाला सरकारी मदत मिळते ती ‘नैसर्गिक आपत्ती’ या सदरातून. एकाच घटनेच्या दोन कागदांवर एकीकडे ‘अनैसर्गिक’ आणि दुसरीकडे ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले असते आणि दोन्ही बरोबर असते. तुमच्या आईंना इंग्रजी शब्दाची फोड सांगण्यापेक्षा हे उदाहरण सांगा. गावात वीज पडून गेलेल्या माणसाविषयी कोणी ‘त्यानं काय पाप केलं होतं’ असे विचारत असेल, तर त्या विचारणाऱ्याचे चुकते आहे, हे त्यांना लगेच पटेल.

आता कायद्याचे पाहू, कारण कुजबुजीला जोर मिळतो तो ‘पोलिसांकडे नोंद झाली’ या वाक्याने. पूर्वी १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. आत्महत्या झाली असेल, दुसऱ्या माणसाने, प्राण्याने, यंत्राने किंवा अपघाताने जीव गेला असेल, किंवा कोणी गुन्हा केल्याचा वाजवी संशय येत असेल, तर पोलिसांनी जागेवर जाऊन पंचांसमक्ष पाहणी करावी, मृत्यूचे उघड दिसणारे कारण लिहावे आणि अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा, असे हे कलम सांगते. ‘प्राण्याने’ हा शब्द त्या यादीतच आहे. त्यामुळे सर्पदंशात पोलीस आले, यात तुमच्या घरावर कोणी बोट दाखवले असे काही नाही; ते आले नसते तर त्यांचे कर्तव्य चुकले असते. याच संहितेत गावच्या अधिकाऱ्यांनी कोणकोणत्या घटना कळवायच्या, हे सांगणारे दुसरे एक कलम आहे. त्यात ‘अचानक किंवा अनैसर्गिक मृत्यू’ असे जोडीने म्हटले आहे, आणि ‘संशयास्पद स्थितीतील मृत्यू’ त्यापुढे वेगळा लिहिला आहे. दोन्हींचा अर्थ एकच असता तर कायद्याने ते वेगळे लिहिले नसते. भावकीतल्या ज्या माणसाला नेमकी हीच शंका आहे, त्याला शांतपणे एवढेच सांगा.

आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत या नोंदीला मराठीत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणतात, आणि बोलताना सगळे ‘ए. डी.’ (ॲक्सिडेंटल डेथ) म्हणतात. मला हा ठाण्यातला शब्द तुमच्या ‘अनैसर्गिक मृत्यू’पेक्षा कितीतरी बरा वाटतो. जे घडले तेवढेच तो सांगतो; माणूस धडधाकट होता आणि अकस्मात गेला. तुम्ही आईला अर्थ सांगितलात तेव्हा शब्दकोशात मिळेल तोच अर्थ सांगितलात, त्यात तुमचा काही दोष नाही. पण घरात या विषयावर बोलताना यापुढे ‘अकस्मात मृत्यू’ किंवा सरळ ‘साप चावून गेला’ असेच म्हणावे. पंचनाम्यावर बहुधा हाच मराठी शब्द असेल. तो कागद आईच्या हातात द्या, वाचून दाखवा.

‘अनैसर्गिक’ हा शब्द ऐकताच आईंना धक्का का बसला, तेही समजून घ्यायला हवे, कारण त्यांची भीती निराधार नाही. मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे ‘अनैसर्गिक कृत्य’ हा शब्दप्रयोग गुन्ह्यांच्या बातम्यांत छापून आला आहे. त्याचे मूळ १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७मध्ये आहे, ज्याच्या मथळ्यातच ‘अननॅचरल’ गुन्हे असे शब्द होते आणि ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधांना शिक्षा सांगितली होती. निसर्गक्रम म्हणजे काय, याची व्याख्या त्या कलमात कुठेही केलेली नव्हती, आणि तरीही त्या एका शब्दाच्या जोरावर अनेक पिढ्यांतल्या निरपराध माणसांना गुन्हेगाराच्या भीतीत जगावे लागले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या संबंधांना त्या कलमातून वगळले, आणि नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच राहिले नाही. कायद्यातून गेले, तरी मराठी कानाला ‘अनैसर्गिक’ या शब्दाची लागलेली किळस गेलेली नाही. तुमच्या आईंनी तो शब्द ऐकला आणि त्यांच्या मनात ती जुनी बातमी उभी राहिली. कागद लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात तसे काही असण्याचे कारणच नव्हते.

याच इंग्रजी शब्दाचे आणखीही उपयोग आहेत आणि ते एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत. जुन्या इंग्रजीत आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या निष्ठुर लेकरांना तो लावत. मृत्युपत्रात जवळच्या वारसांना काही कारण न देता डावलले असेल, तर न्यायालये त्या वाटणीला ‘अननॅचरल’ म्हणतात आणि मृत्युपत्र अधिक बारकाईने तपासतात. तिथे त्याचा अर्थ सर्वसाधारण माणूस असे करणार नाही, एवढाच असतो. छायाचित्रातल्या ओढूनताणून आणलेल्या हसण्यालाही तोच शब्द वापरतात, तिथे आपण ‘कृत्रिम’ म्हणतो. म्हणजे इंग्रजीत एका शब्दाने भागते तिथे मराठीत जागेनुसार कृत्रिम, अस्वाभाविक, निष्ठुर, विपरीत, अकस्मात असे वेगवेगळे शब्द घ्यावे लागतात, आणि सगळीकडे ‘अनैसर्गिक’ चिकटवले की तुमच्या घरात झाले तसे होते. पोलीस, रुग्णालय, बँक, विमा यांचे इंग्रजी कागद घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगणाऱ्या प्रत्येकाने शब्दाऐवजी त्या कागदाचे काम काय आहे ते सांगावे, असे मी म्हणेन. ‘यात लिहिलंय की दादाला आजार नव्हता, विषानं जीव गेला’ असे वाक्य तुम्ही आईला सांगितले असते, तर तेच सत्य त्यांच्यापर्यंत वेगळ्या तऱ्हेने पोहोचले असते. ते अजूनही सांगता येईल.

आईच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, त्याबद्दल तुम्ही पत्रात फक्त ओझरते लिहिले आहे. ‘दुर्मरण’, ‘अपमृत्यू’ हे आपले जुने शब्द आहेत, आणि अशा मरणानंतर त्र्यंबकेश्वरी नारायणबळी, नागबळी करण्याची चाल अनेक घरांत आहे. आईंना विधी करून मनाला शांती मिळणार असेल तर तो घराचा आणि श्रद्धेचा प्रश्न आहे. तुमच्या ऐपतीत बसेल तेवढा करावा, कर्ज काढून करू नये. मात्र विधी त्या इंग्रजी शब्दासाठी करावा लागतो आहे, असे त्यांच्या मनात राहू देऊ नका. कागदावर काही नसते तरी दादा त्या रात्री तसाच गेला असता, आणि त्याच्यासाठी जे करावेसे वाटते ते आईने तेव्हाही केले असते.

वहिनींविषयीची कुजबुज मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यावर उपाय केला नाही तर ती मुलांपर्यंत पोहोचेल. तिचे मूळ राखून ठेवलेल्या व्हिसेऱ्यात आहे, म्हणून त्याविषयी नीट माहिती असू द्या. महाराष्ट्रातल्या विषारी सापांत नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार प्रमुख आहेत. घोणस किंवा फुरसे चावले तर जागा सुजते, दुखते, रक्त येते. मण्यारीचे तसे नसते. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, तिचे दात बारीक असतात, दंशाच्या जागी सूज किंवा वेदना फारशी होत नाही आणि खूण पुष्कळदा सापडतच नाही. झोपेतल्या माणसाला चावल्याचे कळतही नाही. पोटात कळा, मग पापण्या मिटणे, जीभ जड होणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होणे, हा क्रम तुम्ही पत्रात सांगितलेल्या लक्षणांशी पूर्णपणे जुळतो. खूण दिसली नाही म्हणून डॉक्टरांनी आपले मत राखून ठेवले आणि दुसरे कोणते विष नाही ना, हे पाहण्यासाठी व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेला. ज्या डॉक्टरांनी हे केले त्यांनी आपले काम काळजीने केले, आणि तोच अहवाल उद्या वहिनींच्या बाजूने उभा राहील. गोधडीत सापडलेल्या मण्यारीचा उल्लेख पंचनाम्यात आणि ज्यांनी ती पाहिली त्यांच्या जबाबांत आला आहे का, हे ठाण्यात जाऊन एकदा पाहून या. आला नसेल तर लेखी अर्ज देऊन तो जबाब नोंदवून घ्यायला सांगा. आणि भावकीच्या बैठकीत हे सगळे तुम्ही स्वतः, सर्वांसमोर, वहिनी हजर असताना सांगा. धाकट्या दिराने उघडपणे घेतलेली बाजू गावात मोजली जाते. फोनवरून दिलेला दिलासा मोजला जात नाही.

शब्द बदलून आणतो म्हणणाऱ्या नातेवाइकाला स्पष्ट नकार द्या. शवविच्छेदन झालेल्या प्रकरणाचा कागद पैसे देऊन फिरवणे हा गुन्हा आहे, आणि तसा प्रयत्न झाल्याचे पुढे उघड झाले तर आज जो संशय केवळ तोंडातोंडी आहे तो खरोखर चौकशीचा विषय होईल. नाव, वय, गट क्रमांक, वेळ अशी एखादी खरी चूक कागदावर असेल तर ठाण्यात किंवा रुग्णालयात लेखी अर्ज करून दुरुस्ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘अननॅचरल’ ही मात्र चूक नाही.

आता मदतीचे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाचा वहितीधारक, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला, शेतकरी, किंवा खातेदार म्हणून नोंद नसलेला त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, अपघाताने दगावला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात, आणि सर्पदंश त्या अपघातांत स्पष्टपणे धरलेला आहे. याच योजनेत नैसर्गिक मृत्यूला मदत नाही. आईंना हे अगदी सरळ सांगा की ज्या शब्दाला त्या घाबरतात तोच शब्द नातवंडांच्या मदतीचा आधार आहे, आणि तो ‘नॅचरल’ झाला तर अर्ज तिथेच संपेल. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो, म्हणून घरातले मन वळण्याची वाट पाहत बसू नका. सातबारा, गावनमुना ६-क प्रमाणे वारसांची नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हे कागद लागतात. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा असेल तर हाती असलेल्या कागदांनिशी मुदतीत अर्ज दाखल करा, अहवाल प्रलंबित असल्याचे अर्जातच लिहा आणि तारखेची पोच घ्या.

भावाचे बँक पासबुकही वर्षभर मागे जाऊन ओळ न ओळ पाहा. २० रुपये वजा झालेले दिसले तर ते पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे असू शकतात, ज्यात अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. ४३६ रुपये वजा झाले असतील तर ते जीवन ज्योती विम्याचे, ज्यात मृत्यू आजाराने की अपघाताने हा भेद केला जात नाही. पुष्कळ घरांत माणूस गेल्यावर पासबुक कपाटात पडून राहते आणि बँकेला कोणी कळवतच नाही. शाखेत जाऊन दोन्हींची चौकशी करा आणि दाव्याचा अर्ज मागून घ्या.

शाळेच्या अर्जाचे फार अवघड नाही. तिथे ‘सर्पदंश’ असे लिहावे. ‘अल्पशा आजाराने’ लिहू नये, कारण उद्या त्याच मुलीच्या दुसऱ्या एखाद्या अर्जाला अपघात योजनेचे कागद जोडावे लागले तर दोन ठिकाणी दोन कारणे दिसतील. आणि आईंना एक दिलासा नक्की देता येईल. ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण असते, मृत्यूचे कारण नसते. वारसाची नोंद, रेशनकार्ड, बँकेचे खाते, शाळा अशा रोजच्या कामांत बहुतेक वेळा तोच दाखला दाखवावा लागतो. ‘अननॅचरल’ लिहिलेला कागद ठाणे, रुग्णालय, कृषी कार्यालय आणि विमा एवढ्याच ठिकाणी जातो, आणि तिथल्या लोकांच्या लेखी तो फक्त एका वर्गाचे नाव आहे.

मुलीला मात्र तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी. तिला शब्दांची गरज नाही. बाबा झोपेत असताना मण्यार चावली, ती चावलेली कळत नाही, आणि आईने, आजीने किंवा तिने काही केल्याने वा न केल्याने हे झाले नाही, एवढे तिला पुरेल. यापुढे घरात सगळ्यांनी खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपायचे, हेही तिला सांगा. मण्यारीपासून वाचण्याचा तो खरोखरचा उपाय आहे आणि तुमच्या गावातल्या प्रत्येक आखाड्यावर तो पोहोचायला हवा.

या आठवड्यात दोन दिवसांची रजा काढा. पहिल्या दिवशी ठाण्यातून आणि रुग्णालयातून कागदांच्या प्रती घ्या, दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन तालुक्याला जा. तुम्ही सोबत असा, पण योजनेत वारस म्हणून पहिला हक्क पत्नीचा आहे, तेव्हा अर्जदार म्हणून सही त्यांची असू द्या, खाते क्रमांक त्यांचा द्या आणि पोचही त्यांच्याच नावाने घ्या.